शिडी, दोर आणि तीन गडी

बाबा शाकारणीवाले. मे महिना लागला की गिरगावातल्या वाड्या-चाळींमधून बोलावणी यायची. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, ठोकून बघायच्या, पुन्हा सगळं लावायचं. शिडी, दोर आणि तीन गडी, एवढंच भांडवल. चार महिन्यांत सरासरी 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या मुंबईत या कामाला मरण नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी धंद्यात आलो तोवर चाळी पाडून टॉवर उभे राहायला लागले होते. मग आम्हीही गच्च्यांच्या ब्रिकबॅट कोब्याकडे, म्हणजे गळती रोखायला विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून केलेल्या थराकडे वळलो. पैसा बरा मिळाला, मन मात्र रमलं नाही.

कौलांकडे परत आणलं ते माझ्याच चुकीने. एका जुन्या बंगल्याची गळती काही थांबेना, म्हणून मी कौलांचे सांधे सिमेंटने बुजवून टाकले. बाबांनी खालून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आता वरचं लाकूड घामेजणार." दोन पावसाळ्यांत वासे कुजले. पदरचे पैसे घालून बदलून दिले. मंगलोरी कौल रिपेला नुसतं अडकून बसतं. फटींतून वारा खेळतो, म्हणून खालचं लाकूड सुकतं. ती फट हा दोष नव्हेच, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मान वर करून फिरायची सवयच लागली. 1888 मध्ये पूर्ण झालेल्या सीएसएमटीचा दगडी घुमट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने खालून आधाराचा साचा न लावता, बरगड्या एकमेकींत गुंतवून उभारला. शेजारचं 1913 चं जनरल पोस्ट ऑफिस विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेलं. लोक तिथे फोटो काढतात; मी पाणी कुठून उतरतं ते शोधत बसतो. बायको याला वेड म्हणते.

आता निम्म्याहून जास्त काम जुन्या कौलारू छपरांचं आहे. नवं कौल जुन्याच्या खाचेत बसत नाही, ही रोजची डोकेदुखी. म्हणून घर पाडलं जातंय असं कळलं की टेम्पो घेऊन आधी आम्ही पोचतो. काही कौलांवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा छाप आणि 1865 हा आकडा असतो. गिऱ्हाईक हरखतं, "दीडशे वर्षांचं कौल!" ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नव्हे, हे सांगितलं की चेहरा पडतो. तरी ते कौल दर्शनी बाजूलाच लावा म्हणतात. लावतो.