आमची वाटचाल : मापाचा गणवेश

बाबांनी 1974 साली डिचोलीच्या बाजारपेठेत पायाने चालवायची एक सिंगर शिलाई मशीन मांडली आणि पहिल्याच हंगामात गणवेश शिवायला घेतले. गोवा मुक्त झाल्यावर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या होत्या. मये, पाळी, कुडणे, नार्वे इथली माणसं बुधवारी बाजाराला आली की पोराला दुकानात उभं करून जायची. खांदा, छाती, बाही, उंची एवढं वहीत उतरलं की काम पक्कं. पावती नाही, आगाऊ रक्कम नाही. मापाच्या त्या वह्या आजही आमच्या कपाटात आहेत. ज्यांची मापं बाबांनी घेतली, त्यांच्या नातवंडांची मी घेतो.

ती सिंगर अजून चालते. पुढे विजेवरच्या ज्युकी मशिनी आल्या, कडा शिवणारी ओव्हरलॉक आली, काजाची वेगळी मशीन आली. पण ऐन मेअखेर वळवाच्या पावसात वीज गेली की सगळ्या मशिनी गप्प होतात आणि तीच एकटी हंगाम ओढते.

कटिंगला बाबांच्या वेळचेच मास्तर. मी चड्डीत होतो तेव्हापासून ते टेबलाशी उभे आहेत, आणि मला अजून ‘बाबू’च म्हणतात. त्यांच्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि त्या कात्रीने कागद कापायचा नाही. एकदा नवीन पोराने बिलाचा कागद कापला तर मास्तर दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. शर्टिंग ताक्यावरून उतरवलं की आधी भिजवून, सावलीत वाळवून घेणार, मगच खडू लावणार. सुती धागा असलेलं कापड पहिल्या धुण्यात आटतं. ते पालकाच्या घरी आटण्यापेक्षा आमच्या मागच्या पडवीत आटलेलं बरं, हा त्यांचा नेम. पहिलीच्या मुलाच्या चड्डीला खाली दोन बोटं जास्तीची दुमड आणि शिवणीत माया, म्हणजे आत दडवलेलं जादा कापड, ठेवायची, म्हणजे पुढच्या जूनला उसवून वाढवता येते. रेडीमेडवाला एवढं कापड आत सोडत नाही. त्यातच तर त्याचा नफा असतो.

खाणपट्ट्यातलं दुकान म्हटल्यावर 2012 ची खाणबंदी आणि मार्च 2018 ची दुसरी, दोन्ही आम्ही सोसल्या. ट्रकवाल्यांच्या घरची उधारी वहीत तशीच राहिली. गणवेश मात्र कुणाच्या मुलाचा अडवला नाही.

आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेच्या बाई. पट कधी वीस, कधी बारा. केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतून गणवेशाच्या दोन जोडांना मिळून मुलामागे 600 रुपये मिळायचे. कापड, बटण, शिलाई यांचा हिशोब करून पाहा, हातात काही उरत नाही. तरी आम्ही दरवर्षी ते काम घेतलं, कारण बाई काम नीट सांगायच्या. मास्तरांना शाळेत बोलवायच्या आणि एकेका मुलाजवळ बसून सांगायच्या, “मास्तर, ह्याला हूक नको, कमरेला इलास्टिक घाला. मधल्या सुट्टीत हूक सुटता सुटत नाही, चड्डी ओली होते, आणि मग दुपारपर्यंत रडतो.” मुलींच्या स्कर्टला खिसा त्यांनीच सुरू करून घेतला, रुमाल ठेवायला. पिनाफोरची, म्हणजे शर्टावरून घालायच्या बिनबाह्यांच्या झग्याची, चेन पाठीला नको, बाजूला द्या, म्हणजे मुलीला स्वतःची स्वतः लावता येते, हेही त्यांचंच. गणवेश शिवणाऱ्यांना अशी शिकवण कुठल्या कोर्सात मिळत नाही. बाई निवृत्त झाल्या तरी नातीचे कपडे घेऊन येतात, आणि अजूनही शिवण उलटी करून बघितल्याशिवाय पैसे काढत नाहीत.

आता 2020 बद्दल.

2011 मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान मिळू लागलं आणि आमच्या धंद्याची तऱ्हा बदलली. एकरंगी कापड मागे पडलं. चेक्स आले, टाय आला, खिशावर भरतकामाचा बिल्ला आला, मोज्यांवरसुद्धा पट्टा आला. तालुक्यातल्या अशाच एका मोठ्या शाळेचं काम आम्ही बरीच वर्षं करत होतो. त्यांचं मरून चेक्स कापड बाजारात मिळत नसे, गिरणीला सांगून विणून घ्यावं लागे. एक शेड दुसऱ्या लॉटशी जुळत नाही म्हणून अख्ख्या वर्षाचा माल एकदम उचलायचा. फेब्रुवारी 2020 मध्ये शाळेच्या शब्दावर तो उचलला. कर्ज काढून उचलला, दरवर्षी काढत होतो तसंच. मार्चमध्ये टाळेबंदी लागली.

प्राथमिकचे वर्ग पुन्हा भरले ते 21 फेब्रुवारी 2022 ला. मधले दोन जून आमच्याकडे एकही पोर मापाला उभं राहिलं नाही. पांढऱ्या शर्टिंगचे मास्क शिवले, दोन कारागीर गावी गेले ते परतले नाहीत. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. मरून ताके फळीवर. गोव्याच्या दमट हवेत कापड पडून राहिलं की घडीवर काळे ठिपके धरतं, म्हणून दर पंधरवड्याला मास्तर आणि मी ते उलगडून उन्हात धरायचो, पुन्हा गुंडाळायचो. आमचा हिशोब एकच होता : शाळा सुरू झाली की दोन वर्षांत वाढलेल्या प्रत्येक मुलाला नवा गणवेश लागणार, आणि कापड तयार आहे.

शाळा सुरू झाली. आणि त्याच जूनपासून गणवेश बदलला. मरून गेला, राखाडी-निळं आलं. परगावच्या एका पुरवठादाराने शाळेच्या सभागृहातच टेबलं मांडली. शर्ट, पँट, टाय, बेल्ट, मोजे, दप्तर असा संच, एकरकमी, सुटं काही मिळणार नाही. पालकांना सूचना गेली की याच्याकडूनच घ्यायचं. आम्हाला कुणी फोनसुद्धा केला नाही. मी कार्यालयात गेलो तर “व्यवस्थापनाचा निर्णय आहे” एवढंच ऐकवलं. नमुना दाखवायची संधी मागितली, तीही मिळाली नाही. इतक्या वर्षांच्या कामानंतर निदान एक वर्ष आधी सांगायला काय हरकत होती, हा प्रश्न मी आजही विचारतो आणि विचारत राहणार. धंद्यात स्पर्धा असावी. सोलापूरचा रेडीमेड माल आमच्या शेजारच्या दुकानात लटकतो, त्याच्याशी आम्ही रोज लढतो आणि त्याबद्दल तक्रार नाही. तिथे गिऱ्हाईक दोन्ही कपडे हातात घेऊन ठरवतं. इथे गिऱ्हाइकाला ठरवूच दिलं नाही.

त्या मरून कापडाच्या आम्ही पिशव्या, उशांचे अभ्रे, हॉटेलवाल्यांचे एप्रन शिवले. कर्ज 2024 मध्ये फिटलं. गावातल्या छोट्या शाळा आणि बालवाड्या यांनीच आम्हाला उभं ठेवलं, मोठ्या ऑर्डरीने नव्हे.

शाळांच्या व्यवस्थापनाला माझं सांगणं आहे. गणवेश बदलायचाच तर आदल्या दिवाळीत जाहीर करा, आणि जुना निदान एक वर्ष चालू द्या. घरात धाकटं भावंड असतं. रंग आणि नमुना ठरवा, दुकान ठरवू नका. चौथीपर्यंतच्या मुलांना टाय कशासाठी? जूनच्या दमट हवेत कॉलर आधीच ओली असते, त्यावर इलास्टिकचा टाय घासून मानेवर पुरळ उठतं, हे मी माप घेताना बघतो. जुलैत चामडी बूट आणि मोजे हट्टाने घालायला लावू नका, पावसाळ्यापुरती सँडल चालू द्या.

आणि पालकांनी गोव्याच्या पावसाचा विचार करून कापड निवडावं. निव्वळ सुती शर्ट जुलैत दोन दिवस वाळत नाही, निव्वळ पॉलिएस्टरमध्ये पोर घामेजतं. 67 टक्के पॉलिएस्टर आणि 33 टक्के सुताचं टेरिकॉट मधलं आहे, रात्री धुतलं तर पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतं. दोन जोडांपेक्षा तीन शर्ट आणि दोन चड्ड्या घ्या, शर्टच आधी मळतो. घेताना कपडा उलटा करा. शिवणीला माया किती आहे बघा, बटण ओढून बघा, आणि मुलाला तिथेच खाली बसायला सांगा. उभ्याने नीट बसलेली चड्डी मांडी घातल्यावर काचते.

2025 मध्ये सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच भरले आणि प्राथमिकचा जून कायम राहिला, त्यामुळे आमचा हंगाम दोन तुकड्यांत विभागला. मोठ्यांचं काम मार्चमध्ये उरकतं आणि मे महिना पूर्ण लहानांना मिळतो. मास्तरांना हे फार आवडलं. आता डोळ्यांना त्रास होतो म्हणून सुईत दोरा माझी मुलगी ओवून देते, पण कात्री त्यांचीच.

त्या राखाडी-निळ्या गणवेशाची मुलंही आमच्याकडे येतात. चेन बिघडलेली, बगलेत उसवलेलं, गुडघ्यावर आलेली पँट वाढवायला. वाढवायला आत कापडच नसतं, मग आम्ही जवळच्या रंगाची पट्टी जोडून देतो. चेनचे पैसे घेतो, बटणाचे घेत नाही. मापाच्या वहीत त्या मुलांची नावंही लिहून ठेवली आहेत.