वाय-फायचे बटणच नाहीसे होते तेव्हा

ऐरोलीतील आमच्या घरी कार्यालयीन कामासाठी वापरला जाणारा विंडोज ११ चा लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात वाय-फाय सोडू लागला. टास्कबारवरील वाय-फायचे चिन्ह जाऊन तेथे पृथ्वीगोल येई आणि त्यावर क्लिक केले असता नेटवर्कची यादी तर सोडाच, वाय-फाय चालू-बंद करण्याचे बटणही दिसत नसे. एअरप्लेन मोड तेवढा उरे.

ग्राहक सेवेने रीतसर राउटर बंद-चालू करावयास सांगितले. परंतु त्याच राउटरवर घरातील फोन आणि टीव्ही सुरळीत चालत होते. शिवाय दोष राउटरचा असता, तर केवळ आमच्या नेटवर्कचे नाव गेले असते आणि शेजाऱ्यांची नावे दिसत राहिली असती. येथे यादीच उरत नव्हती, म्हणजे लॅपटॉपला स्वतःचे वाय-फाय कार्डच, म्हणजे वाय-फायशी जोडणारा आतला भागच, सापडत नव्हते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या सुट्या भागांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि प्रॉपर्टीजमध्ये ‘कोड १०’, म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही, अशी नोंद होती. रीस्टार्ट केल्याने त्रिकोण हटत नसे; मात्र लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरले की कार्ड परत येई, कारण रीस्टार्टमध्ये मदरबोर्डचा वीजपुरवठा पूर्णपणे तुटत नाही आणि अडकलेले कार्ड तसेच राहू शकते. स्टेशनजवळच्या दुकानदाराने ‘कार्ड गेले, बदलावे लागेल’ असा निकाल दिला. तो मला पटला नाही; वीज तोडताच दर वेळी ठणठणीत होणारे कार्ड जळालेले कसे असेल?

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘netsh wlan show wlanreport’ ही आज्ञा दिली, की गेल्या तीन दिवसांत जोडणी कधी झाली आणि कधी तुटली याचा आलेख मिळतो. त्यात बहुतेक घोळ लॅपटॉप स्लीपमधून उठतानाचा दिसला. विंडोज वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करते आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, सदोष असेल तर ते कार्ड पुन्हा उठत नाही. म्हणून कार्डाच्या प्रॉपर्टीजमधील पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली, कार्ड बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून टाकली. तक्रार कमी झाली, थांबली नाही.

नेटवर्क रीसेटचा सल्ला जो तो देत होता. तो मी टाळला, कारण त्याने साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा बसवावे लागू शकते आणि ड्रायव्हरचा दोष मात्र जागेवरच राहतो. विंडोज अपडेटने ड्रायव्हर परस्पर बदलला होता; जुना ड्रायव्हर परत आणणारे ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण फिकट होते, कारण जुनी प्रत शिल्लक नव्हती. तेव्हा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या माझ्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवला. वाय-फाय नसताना तो उतरवायचा कसा, ही अडचण फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय, सुरू केल्यावर सुटली.

त्यानंतर झाकण कितीही वेळा मिटून उघडले तरी वाय-फाय टिकून आहे. पॉवर मॅनेजमेंटची ती खूण मी अद्याप परत लावलेली नाही. बॅटरी थोडी लवकर उतरत असेलही, पण घरी लॅपटॉप बहुधा चार्जरलाच असतो.