दूतावासातील नोकरी त्याची, व्हिसा तिचा

गेल्या मार्गशीर्षात माझ्या भाचीचे लग्न गडहिंग्लजला झाले. ती निपाणीची, शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट, आणि गेली चार वर्षे बेळगावात नोकरी करीत आहे. जावई परराष्ट्र मंत्रालयात साहाय्यक पदावर असून त्याची बदली वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासात झाली आहे. लग्नाच्या गडबडीत ‘मुलगा वकिलातीत आहे’ एवढे एकच वाक्य सर्वांच्या तोंडी होते आणि त्यात सगळे आले असे आम्ही धरून चाललो. पंधरा दिवसांनी भाची माझ्याकडे आली आणि तिने विचारले, “मावशी, मी त्यांच्याबरोबर लगेच जायचे, की माझा वेगळा व्हिसा काढून मागाहून जायचे?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले ते येथे लिहीत आहे, कारण आमच्या सीमाभागातून परदेशी जाणाऱ्या मुलींची संख्या वाढत असली तरी दूतावासातील नोकरदाराच्या पत्नीचे नियम इतर नोकरदारांच्या पत्नींहून वेगळे असतात, हे फारच थोड्या घरांत ठाऊक असते.

सर्वांत आधी विचारायची गोष्ट म्हणजे नवरा दूतावासात नेमका कोणत्या पदावर आणि कोणत्या मार्गाने लागला आहे. 1961 च्या व्हिएन्ना करारात दूतावासातील माणसांचे वर्ग पाडलेले आहेत : राजनैतिक अधिकारी, प्रशासकीय व तांत्रिक कर्मचारी, सेवा कर्मचारी, आणि या सर्वांहून निराळे असे अधिकाऱ्यांचे खासगी घरनोकर. त्याच देशात राहणारा जो माणूस दूतावास स्थानिक पातळीवर नेमून घेतो, त्याची गत पुन्हा वेगळी असते. पत्नीला स्वतःचा असा दर्जा यात मिळत नाही. तो नवऱ्याच्या नेमणुकीला लटकलेला असतो आणि नेमणूक संपली की संपतो.

अमेरिकेत हे वर्ग व्हिसाच्या नावातच दिसतात. राजदूत, राजनैतिक अधिकारी व वाणिज्यदूत यांना ए-१, दूतावासातील इतर पूर्णवेळ सरकारी कर्मचाऱ्यांना ए-२, आणि या दोघांच्या घरनोकरांना ए-३. पत्नीला व अविवाहित मुलांना नवऱ्याच्याच वर्गाचा व्हिसा मिळतो. आमचा जावई ए-२ मध्ये बसतो, म्हणून भाचीचाही व्हिसा ए-२. यासाठी शुल्क नसते, मुलाखतही बहुधा घेत नाहीत. अर्जासोबत सरकारचे अधिकृत टिपण, ज्याला नोट व्हर्बाल म्हणतात, ते जोडावे लागते. हे टिपण मंत्रालयाकडूनच जाते, घरी बसून किंवा एजंटाकडून ते मिळवता येत नाही. शहरातील एका एजंटाने मात्र भाचीच्या सासऱ्यांना सांगितले की, ‘आधी पर्यटक व्हिसावर पाठवा, तिकडे गेल्यावर बदलून घेता येतो.’ हा सल्ला ऐकून मला खरोखर राग आला. कायमच्या घरात राहायला निघालेल्या पत्नीला भेटीच्या बी-२ व्हिसावर पाठवणे म्हणजे अर्जातच हेतू खोटा सांगणे होय. ती भारतातच नोकरी करीत राहणार असेल आणि वर्षातून एकदा महिनाभर नवऱ्याला भेटायला जाणार असेल, तर बी-२ हा प्रामाणिक पर्याय आहे, एरवी नाही.

ए-२ व्हिसावर गेल्यावर काय करता येते आणि काय नाही, हा भाचीच्या दृष्टीने खरा प्रश्न होता. शिक्षण घेता येते, त्यासाठी निराळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. नोकरी मात्र आपोआप करता येत नाही. अवलंबित पत्नीला काम करू द्यायचे की नाही हे दोन देशांतील परस्पर व्यवस्थेवर ठरते : आपल्याकडे त्यांच्या दूतावासातील कुटुंबीयांना जी मुभा असते, तिच्या बदल्यात तिकडे आपल्या कुटुंबीयांना मुभा. ती असेल तर आय-५६६ हा अर्ज दूतावासामार्फत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे जातो, तेथून शिफारस आली की आय-७६५ हा कामाच्या परवान्याचा अर्ज पुढे सरकतो, आणि परवाना हातात पडेपर्यंत एक दिवसही पगारी काम करायचे नसते. अशा नोकरीतून मिळालेल्या पगारावर तिकडचा कर भरावा लागतो. म्हणून मी भाचीला सांगितले की, विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी नवऱ्याच्या कार्यालयातील प्रशासन विभागाकडून या बाबतीतले उत्तर लेखी घे. ‘तिकडे गेल्यावर बघू’ या शब्दांवर चार वर्षांची नोकरी सोडू नकोस.

घरनोकर म्हणून ए-३ वर जाणाऱ्या माणसाच्या पत्नीला तर अवलंबित म्हणून कामाचा परवाना मिळतच नाही. आपल्या भागातून स्वयंपाकी म्हणून अधिकाऱ्यांबरोबर परदेशी जाणाऱ्यांनी हे आधीच जाणून घेतले पाहिजे, कारण एका पगारात वॉशिंग्टनसारख्या शहरात संसार चालवणे आणि गावाकडेही पैसे पाठवणे किती जड जाते याचा अंदाज येथे राहून येत नाही.

मग दुसरा पर्याय उरतो तो स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या व्हिसाचा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलीला अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर तिच्या विषयात 12 महिने काम करण्याची मुभा मिळते, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक विषयांत त्यापुढे आणखी 24 महिने. ए-२ वर राहून तीच पदवी घेतली तर ही मुभा मिळत नाही. शिवाय एफ-१ वर असेल तर नवऱ्याची बदली झाली तरी तिचा अभ्यासक्रम तुटत नाही. त्याची किंमत म्हणजे स्वतंत्र फी, पैशाचा पुरावा आणि मुलाखत. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा वर्षाला सर्वसाधारण 65,000 आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी 20,000 इतक्याच मर्यादेत असतो, त्यासाठी आधी नोकरी देणारा तयार असावा लागतो, आणि त्यानंतरही निवडीत नाव यावे लागते. ए-२ वर गेलेल्या पत्नीला तेथे राहून एफ-१ किंवा एच-१बी कडे वळता येते, पण त्यासाठीही आय-५६६ लागतो, म्हणजे दूतावासाला कळवल्याशिवाय काही होत नाही.

हाच जावई लंडनला गेला असता तर चित्र वेगळे दिसले असते. ब्रिटनच्या 1971 च्या इमिग्रेशन कायद्याच्या आठव्या कलमाने दूतावासातील कर्मचारी आणि त्यांच्या घरात राहणारे कुटुंबीय इमिग्रेशन नियंत्रणातून सूट मिळवतात. परंतु जो माणूस आधीपासून ब्रिटनमध्ये राहत असताना दूतावासाने नेमला आणि राजनैतिक अधिकारी नाही, त्याला ही सूट नसते, आणि त्याच्या पत्नीलाही नसते. तिने त्या देशाच्या नेहमीच्या कौटुंबिक नियमांनीच जायचे. सूट संपली की त्या देशात राहायला 90 दिवसांची मुदत मिळते. ‘वकिलातीत आहे’ या एका वाक्याने लग्न ठरवणाऱ्या घरांनी हा फरक लक्षात घ्यावा असे मला मनापासून वाटते.

आता कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मुलींची खरी अडचण येथे येते. भाचीचा जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, पदवीचे प्रमाणपत्र इंग्रजीत. जन्मदाखल्याच्या भाषांतरात तिच्या नावातील ‘त’ साठी दाक्षिणात्य पद्धतीने ‘टी’पुढे ‘एच’ जोडलेला, शाळेच्या दाखल्यात तो नाही. शाळेत मधले नाव वडिलांचे पूर्ण लिहिलेले, पदवीवर फक्त आद्याक्षर. जन्मगाव एका कागदावर जुन्या इंग्रजी वळणाने ‘बेलगाम’, तर 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचे अधिकृत नाव बदलल्यानंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’. त्यात सासरी तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले गेले. त्या नावाने हाक मारायला कोणाची ना नाही, पण पासपोर्टमध्ये ते घालायचे नाही असे आम्ही त्याच दिवशी ठरवले, कारण एक नवे नाव म्हणजे पदवीपासून जन्मदाखल्यापर्यंत प्रत्येक कागदासाठी स्पष्टीकरण देणे आले.

विवाह नोंदणी हा दुसरा मुद्दा. लग्न महाराष्ट्रात लागले, म्हणून नोंदणी तेथे 1998 च्या महाराष्ट्र कायद्याखाली करता आली. कर्नाटकात यासाठी 1976 चा वेगळा कायदा आहे. दाखला कोणत्या राज्याचा यावर पुढची वाट ठरते : ज्या देशांत अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकारी शिक्का बसलेला, विवाह दाखला मागतात, तेथे आधी तो देणाऱ्या राज्याच्या सरकारकडून साक्षांकित व्हावा लागतो आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का बसतो. गडहिंग्लजचा दाखला घेऊन बेंगळुरूला जाऊन उपयोग नाही, आणि बेळगावचा घेऊन मुंबईला जाऊनही नाही. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची सोयरीक दोन्ही बाजूंना असते, पण कागद मात्र एकाच बाजूचा असतो.

पासपोर्टचेही वेगळेच. सरकारी नेमणुकीवर जाणाऱ्याच्या पत्नीला निळा साधा पासपोर्ट चालत नाही. साहाय्यक पदाच्या कर्मचाऱ्याबरोबर जाणाऱ्या पत्नीला पांढरा अधिकृत पासपोर्ट नवऱ्याच्या कार्यालयामार्फत मिळतो आणि साधा पासपोर्ट जमा करावा लागतो. त्या साध्या पासपोर्टवर दुसऱ्या कोणत्याही देशाचा व्हिसा असेल तर त्याची छायाप्रत आधी काढून ठेवावी.

भाचीने शेवटी ए-२ वर जायचे ठरवले आहे, पण रिकाम्या हाताने नाही. अमेरिकेत फिजिओथेरपीचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते, परदेशी पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा द्यावी लागते. कामाचा परवाना मिळाला तरी हा दुसरा परवाना नसेल तर तिला रुग्णाला हात लावता येणार नाही. मूल्यमापनासाठीची गुणपत्रके आणि अभ्यासक्रमाचा तपशील विद्यापीठाकडूनच थेट जावा लागतो, आणि त्यासाठीची खेटी येथे असतानाच घालता येतात. म्हणून या सोमवारी ती रजा काढून विद्यापीठात जाणार आहे, आणि नावाच्या दोन स्पेलिंगांचे प्रतिज्ञापत्र करण्यासाठी मंगळवारी मी तिच्याबरोबर नोटरीकडे जाणार आहे.