कॉलेज सोडून फुल टाइम पोकर? आधी खर्च कोण भरतंय ते बघ

माझा मावसभाऊ सेकंड इयरला आहे आणि त्याला कॉलेज सोडायचंय. दिवसा ट्रेडिंग, रात्री ऑनलाइन पोकर, दोन्हीकडे आकडा हिरवा दिसतोय, मग लेक्चरला बसून वेळ का घालवू असा त्याचा सवाल. घरचे म्हणतात जुगार आहे, सोड. मला ते उत्तर काही पटत नाही, कारण पोकरमध्ये स्किल आहेच, ट्रेडिंगमध्येही थोड्या लोकांकडे असतं, आणि पोराला हे माहितीये, त्यामुळे जुगार म्हटलं की तो पुढचं ऐकतच नाही.

मी त्याला एवढंच विचारलं, तुझा खर्च सध्या कोण भरतंय?

कारण त्याचा जो काही रेकॉर्ड आहे तो सगळा कॉलेजात असतानाचा. राहणं, जेवण, फोनचं बिल सगळं घरून येतं, जिंकलेले पैसे जिथल्या तिथे राहतात आणि बँकरोल, म्हणजे खेळायला बाजूला ठेवलेली रक्कम, वाढत जातो. एकदा का हेच पोटापाण्याचं साधन झालं की दर महिन्याला त्यातून पैसे काढायचे, महिना चांगला गेला असो नाहीतर वाईट, आणि मग ते जुने ग्राफ फारसे कामाचे राहत नाहीत.

पोकरचं गणित बघ. समजा नो-लिमिट होल्डम या पोकरच्या प्रकारात तुझा विन रेट 100 हँडला, म्हणजे 100 डावांना, 5 बिग ब्लाइंड आहे (बिग ब्लाइंड म्हणजे डावाआधी लावायची ठरलेली सक्तीची रक्कम, कमाई त्यातच मोजतात), रेक म्हणजे टेबल चालवणाऱ्याचं कमिशन जाऊन एवढं उरत असेल तर तू खरंच चांगला खेळतोस. पण 100 हँडमागे स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे निकाल सरासरीच्या वर-खाली किती हलतो त्याचं माप, साधारण 90 बिग ब्लाइंडच्या आसपास असतं. म्हणजे 10,000 हँडनंतर तू सरासरी 500 नी पुढे असायला हवास आणि डेव्हिएशन आहे 900. हिशोब केला तर एवढा चांगला प्लेअर 10,000 हँड खेळूनही मायनसमध्ये असण्याची शक्यता जवळपास 29 टक्के निघते, आणि 1 लाख हँडनंतरसुद्धा 4 टक्के उरतातच. लाइव्ह टेबलवर तासाला 25-30 हँड पडतात, त्या हिशोबाने नुसते 10,000 व्हायलाच साडेतीनशे तासांच्या आसपास लागतात. आणि हे उलटंही चालतं बरं का, 100 हँडला 3 बिग ब्लाइंड हरणारा माणूस 10,000 हँडनंतर प्लसमध्ये दिसण्याची शक्यता 37 टक्के आहे. त्यामुळे चार महिन्यांचा ग्राफ दाखवून "बघ, जमतंय" म्हणतोस तेव्हा तू या दोघांपैकी कोण आहेस हे ना मला कळतं ना तुला.

आता यात भाडं टाक. डाउनस्विंग, म्हणजे हरत राहण्याचा काळ, आला की शहाणा प्लेअर खालच्या स्टेकवर, म्हणजे कमी पैशांच्या टेबलवर, उतरतो, विद्यार्थी असताना हे सोपं असतं, इगो दुखतो तेवढंच. पण स्टेक अर्धा केला की कमाई अर्धी आणि खर्च मात्र तेवढाच, मग माणूस उतरत नाही, उलट एक लेव्हल वर जाऊन भरून काढायला बघतो. बरेच जण इथंच संपतात, आणि त्यात खेळ चांगला येणारेही असतात.

ट्रेडिंगची गोष्ट तर अजून कडक आहे. ब्राझीलमध्ये 2013 ते 2015 दरम्यान इंडेक्स फ्युचर्समध्ये (शेअर निर्देशांकावरचे पुढच्या तारखेचे सौदे) डे ट्रेडिंग, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, सुरू केलेल्या लोकांचा डेटा संशोधकांनी तपासला, तर 300 पेक्षा जास्त दिवस ट्रेड करत राहिलेल्यांपैकी 97 टक्के तोट्यात होते आणि तिथल्या किमान वेतनापेक्षा जास्त कमावणारे फक्त 1.1 टक्के. म्हणजे चार दिवसांत पळालेले सोडून दिले तरी ही अवस्था. आणि समज तू त्या 1.1 मधला आहेस, वर्षाला 20 टक्के सुटतात, जे भल्याभल्यांना सलग जमत नाही. तरी वर्षाच्या खर्चाच्या पाचपट भांडवल हवं, तेही नुसतं जागच्या जागी राहायला, टॅक्स आणि महागाई वेगळीच. एवढं भांडवल असलेला सेकंड इयरचा पोरगा मी तरी पाहिलेला नाही.

मग तो पोकर प्लेअर फिल हेलम्यूथचं नाव काढतो. बरोबर आहे, कॉलेज सोडलं आणि 1989 मध्ये 24 व्या वर्षी वर्ल्ड सिरीज या पोकरच्या मोठ्या स्पर्धेचा मेन इव्हेंट जिंकला. पण सोडून गेलेल्यांमधले बाकीचे कुठे गेले हे सांगायला कोणी मुलाखत घ्यायला जात नाही ना राव. आणि 2003 मध्ये ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे छोट्या पात्रता स्पर्धेतून, त्याच मेन इव्हेंटची सीट मिळवून 25 लाख डॉलर जिंकलेला ख्रिस मनीमेकर, ज्याला बघून जगभर पोरं या खेळात उतरली, तो नोकरी करणारा अकाउंटंट होता, तेही मास्टर्स झालेला! त्याच्यानंतरची काही वर्षं ऑनलाइन टेबलं नवशिक्यांनी भरलेली असायची, आता समोरचा सॉल्व्हर, म्हणजे योग्य चाल काढून देणारं सॉफ्टवेअर, घेऊन अभ्यास करून बसतो. शिवाय 15 एप्रिल 2011 ला अमेरिकन सरकारने मोठ्या पोकर साइट्सवर कारवाई केली आणि तिथल्या कित्येक प्रोफेशनल्सचं काम एका दिवसात बंद पडलं, काहींचे पैसे वर्षानुवर्षं अडकले. यात त्यांच्या खेळाची काहीच चूक नव्हती.

मी त्याला नको म्हटलेलं नाही. म्हटलं, कॉलेज चालू ठेवून एक वर्ष दर महिन्याच्या 1 तारखेला खर्चाएवढी रक्कम बँकरोलमधून खरोखर काढ आणि वेगळ्या खात्यात टाक, त्या खात्याला हात लावायचा नाही, आणि उरलेल्यातच खेळ. यावर तो म्हणाला वर्षभर थांबलो तर आत्ताची संधी निघून जाईल. अरे, वर्षभरात संपणाऱ्या संधीवर तू पुढची तीस वर्षं काढणार आहेस का? यावर गप्प बसला, पण पटलंय असं वाटलं नाही.

तरी सोडायचंच असेल तर नाव काढून टाकण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार, गॅप किती वर्षांचा चालतो, परत आल्यावर पास झालेले विषय धरतात का, आणि मधे सिलॅबस बदलला तर काय. जे सांगतील ते लेखी घे.