पोचट म्हणजे शिवी नाही हो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "मॅडम, पोराच्या वहीत निबंधाखाली पोचट लिहिलंय तुम्ही, म्हणजे नेमकं काय?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो, कधी फोनवर, कधी आठवडे बाजारात मेथीची जुडी हातात असताना. शेतकऱ्याघरचे सहसा विचारत नाहीत. विचारतात ते बदलीवर आलेले बँकवाले वगैरे, आणि ते आधीच रागावून आलेले असतात.

तर पोचट म्हणजे टरफल पूर्ण तयार, आकार बरोबर, आत दाणाच भरलेला नाही. आमचं घर अमळनेरकडचं, कोरडवाहू, त्यामुळे हा शब्द मी शाळेत नाही, आजीच्या सुपात शिकले. बाजरी पाखडताना जड दाणा मागे राहतो आणि पोचट भुश्यासोबत पुढे उडतो. पेरणीआधी वडील बी मिठाच्या पाण्यात टाकायचे, दहा लिटरला दोन किलो मीठ, वर तरंगलं ते अरगटवालं, म्हणजे बुरशी लागलेलं, नाहीतर पोचट, ते फेकायचं, आणि तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. आजी तरंगणाऱ्याकडे बघून अहिराणीत म्हणायची, "पोचट शे," म्हणजे पोचट आहे. विषय संपला.

भुईमुगाचं तर मला अजून नवल वाटतं. झाड हिरवंगार, शेंग टपोरी, फोडली की आत नुसती सुरकुतलेली साल! बऱ्याचदा कॅल्शियम कमी पडलेलं असतं, कारण शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळांकडून फारसं येतच नाही, ती मातीत असते तिथूनच स्वतः शोषते, म्हणून तर आऱ्या, म्हणजे फुलापासून मातीत शिरणारे दांडे, सुटताना कॅल्शियमसाठी जिप्सम टाकतात. म्हणजे झाड जेवलेलं आणि शेंग उपाशी.

लोक यात खुरटं मिसळतात, ते वेगळं. खुरटं म्हणजे झाडाचीच वाढ थांबली, कणीस बोटाएवढं, पण त्यातला दाणा भरलेला असू शकतो. कापसाला पोचट कोणी म्हणत नाही, तिथे कवडी. २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा आमच्याकडे बोंडं अर्धवट उमलली, कापूस आत चिकटून बसला, वेचता वेचता आईची बोटं सोलली आणि व्यापाऱ्याने ढिगात हात घालून एवढंच म्हटलं, "कवडी आहे ताई." भाव विचारूच नका.

असो, निबंधावर येते. 'माझा आवडता पाहुणा', दोन पानं, अक्षर मोत्यासारखं, सुरुवातीला सुविचार, शेवटी सुविचार, आणि मधे पाहुणा कोण, कुठून आला, काय खाल्लं, काही नाही. याला मी दुसरा कुठला शब्द वापरू? वाईट म्हणावं तर वाईट नाहीये, चूक म्हणावं तर चूक एकही नाही. म्हणून पोचट. मला तो फार नेमका वाटायचा, खरं सांगायचं तर थोडा गर्वच होता त्याचा.

मग गेल्या वर्षी एक पालक आले, स्वतः ज्वारीवाले, सातवीतल्या पोराची वही घेऊन. मला वाटलं भांडतील. ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत, म्हणाले, "मॅडम, शब्द बरोबर शे, टाइम चुकला तुमचा. पोचट शे का नही ते खळ्यावर समजतं. हा तर अजून चिकात शे."

चिकात म्हणजे दाण्यात दूध धरलेलं असतं, नखाने दाबलं की पांढरं येतं, तेव्हा एक पाणी मिळालं तर भरतो, नाहीतर मग पोचट. हे मला माहीत नव्हतं असं नाही, हुरड्याआधीची कणसं लहानपणी शंभरदा दाबून पाहिलीत. पण वहीवर लाल पेन चालवताना कुठे आठवतं!

तेव्हापासून मी निबंधाखाली 'चिकात आहे' लिहिते. परवा एका बँकवाल्यांचा फोन आला, मॅडम, निबंध चिकट आहे म्हणजे काय?