आमची वाटचाल : एका तिरक्या बाहीपासून

हाताने सूत कातायला शिकवण्याचा हा व्यवसाय कसा सुरू झाला असं कुणी विचारलं की वहिनी माझ्या आधी उत्तर देतात, "हिच्या तोंडाची टकळी थांबेना, म्हणून हातात टकळी दिली." खरं तर वहिनी विणायच्या आणि मी शेजारी बसून बडबडायचे. विणकाम मला कधीच जमलं नाही. सूत काढणं जमलं, पण तेही लगेच नाही. पहिले तीन आठवडे टकळी, म्हणजे सूत कातायची चकती लावलेली काठी, हवेत कमी आणि जमिनीवर जास्त असायची. धागा एका जागी बोटाएवढा जाड, तर पुढे केसासारखा बारीक होऊन तुटलेला.

चूक साधी होती. माझे दोन्ही हात एकमेकांच्या फार जवळ होते. आमच्याकडच्या लोकरीचा तंतू आठ-दहा सेंटिमीटर लांब. हातांमधलं अंतर त्याहून कमी ठेवलं, तर एकाच तंतूची दोन टोकं दोन हातांत येतात आणि आपण स्वतःशीच रस्सीखेच खेळत बसतो. हात लांब नेले आणि लोकर आपसूक सुटायला लागली. पिंजलेली लोकर हातातून पातळ होत सरकते आणि पीळ तिच्यात चढत जातो, ते बघताना मी पहिल्यांदा गप्प बसले असेन.

मग हौसेने एकपदरी, म्हणजे एकाच धाग्याचं, सूत विकायला सुरुवात केली. ओळखीतल्या विणणाऱ्यांनी कौतुकाने घेतलं. दोन महिन्यांनी एक काकू स्वेटरची बाही घेऊन आल्या. टेबलावर पसरून म्हणाल्या, "अहो, मी टाके मोजून मोजून थकले. माझी चूक सापडत नाहीये, तुम्हीच बघा." टाके बरोबर होते. बाही मात्र सबंध एका बाजूला कलली होती, वाऱ्यात उभ्या गवतासारखी. दोष आमच्या सुतात होता. एकपदरी सुतात पीळ एकाच दिशेचा असतो, त्याला उलगडायचं असतं आणि ते विणीलाही सोबत ओढतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सुताचा पीळ तर नुसता झोपतो. गुंडाळून ठेवलेलं सूत चार दिवसांनी शांत, सरळ दिसतं, म्हणून आम्ही फसलो. पाणी लागलं की पुन्हा जागं होतं.

काकूंना पैसे परत दिले आणि आम्ही पदर घालायला, म्हणजे दोन धागे एकत्र पिळायला, बसलो. कातताना टकळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली असेल, तर दोन धागे एकत्र पिळताना ती उलटी फिरवायची. दोन वाट्यांत दोन गोळे, दोन धाग्यांच्या मध्ये एक बोट आणि दोन्हींवर सारखा ताण. ताण कमी-जास्त झाला तर एक धागा सरळ राहतो आणि दुसरा त्याला वेलीसारखा लपेटून चढतो. जमलं की तिरके, टपोरे दाणे एकामागून एक बसत जातात. किती पिळायचं ते कळायला आम्ही एक सवय लावली : ताज्या सुताचा वीतभर तुकडा दुमडून सोडायचा. तो स्वतःभोवती जसा वळतो, तसंच दुपदरी सूत हवं. तुकडा ताजाच हवा, कारण झोपलेला पीळ खोटी साक्ष देतो. शेवटी लडी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, टॉवेलमध्ये दाबायची आणि वजन न लावता वाळवायची. वाळलेली लडी टांगल्यावर गोल गोल वळली नाही, सरळ लोंबली, की काम झालं.

सूत सुधारलं आणि हिशेब बिघडला. 100 ग्रॅम लोकरीतून साधारण 200 मीटर दुपदरी सूत मिळत होतं. त्यासाठी आधी 400 मीटरहून थोडं जास्त एकपदरी कातायचं आणि मग तेच पुन्हा पिळायचं. टकळीवर मला एका लडीला पंधराएक तास लागायचे. या तासांचा मोबदला कुणी देणार नाही, हे वहिनींनी वहीत मांडून दाखवलं. मी दोन दिवस रुसले. मग सूत विकणं बंद केलं आणि टकळी, लोकर आणि शिकवणी, असा संच सुरू केला.

पहिल्या संचातही आम्ही शहाणपणा केलाच. मऊ ते लोकांना आवडेल म्हणून मेरिनो मेंढीची अगदी बारीक लोकर दिली. ती नवशिक्याच्या हातातून निसटते. आता मध्यम जाडीची, किंचित खरखरीत लोकर देतो, कारण तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात. टकळीही 60 ग्रॅमची होती, ती 35 वर आणली. वजन चकतीच्या कडेला असेल तर ती सावकाश पण बराच वेळ फिरते, हे सुताराला समजावण्यात एक महिना गेला.

ऑनलाइन वर्गातली एक गोष्ट आठवली की अजून कानकोंडं व्हायला होतं. एका ताईंचं दुपदरी सूत सतत टेलिफोनच्या वायरसारखं आवळून वळत होतं. आम्ही तीन तास सांगत राहिलो, "ताई, घड्याळाच्या उलट फिरवा." त्या डावखुऱ्या होत्या. कातलंच होतं घड्याळाच्या उलट, त्यामुळे आमच्या सूचनेने पिळावर पीळ चढत होता. तेव्हापासून माहितीपत्रकात घड्याळ नाही. 'कातताना जशी फिरवली, त्याच्या उलट' एवढंच लिहितो.

सध्या कापसाचा संच तयार करतोय. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा, म्हणून आमची लोंबती टकळी चालत नाही, तिच्या वजनानेच धागा तुटतो. लहानशी टकळी वाटीत टेकवून फिरवावी लागते आणि पेळूही, म्हणजे कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाची केलेली वळी, सैल हवा. कातलेली लडी साबणाच्या पाण्यात उकळली की पाणी पिवळट-तपकिरी होतं. पहिल्यांदा ते पाहून मी घाबरून वहिनींना हाक मारली होती. पेळू आम्ही करून द्यावेत की कापूस देऊन लोकांना वळायला शिकवावं, यावर आमचं अजून एकमत नाही. वहिनी म्हणतात, शिकवावं. मी आठवडाभर पेळू वळून बघतेय.