टाकीचे अस्तर निघाले, पण शेरा निघेना

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दाबाच्या टाक्या तपासणाऱ्या चाचणी केंद्राच्या खिडकीतून माझ्या हातात जो कागद आला, त्यावर शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द होते : ‘अंतर्गत गंज’. पाणबुडे पाठीवर घेतात तशा, दाबाने हवा भरायच्या ज्या दोन पोलादी टाक्यांबद्दल हे लिहिले होते, त्यांच्या आतले जुने अस्तर काढण्यासाठी मी पावणेदोन महिने खपलो होतो, आणि तो गंज त्यांना त्याच केंद्राच्या आवारात, त्यांच्याच पत्र्याच्या शेडखाली, अठरा दिवसांत धरला होता. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, तरी तो कागद समोर आला की माझा आवाज आजही चढतो.

टाक्या माझ्या वडिलांच्या. ते मुंबई बंदरात पाणबुड्याचे काम करीत. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडणे, पंख्यात अडकलेले दोरखंड कापणे ही त्यांची रोजची कामे. टाक्या अमेरिकी बनावटीच्या आहेत. खांद्यावर ‘३एए २२५०’ असे कोरलेले असून त्याचा अर्थ क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद आणि दर चौरस इंचास २२५० पौंड, म्हणजे सुमारे १५५ बार, इतका कामाचा दाब. पाण्याच्या मापाने प्रत्येकीत जवळपास १२ लिटर मावतात. मुलाला मालवणला पाण्याखाली उतरण्याचा नाद लागला आणि आजोबांच्या टाक्या वापरायच्या असा त्याने हट्ट धरला, म्हणून माळ्यावरून त्या खाली आल्या.

वॉल्व्ह काढून आत छोटा दिवा सोडला, तेव्हा पिवळट तपकिरी रंगाचे पापुद्रे लोंबताना दिसले. त्या काळी तिकडे पोलादी टाक्यांना आतून इपॉक्सी किंवा फिनोलिक रेझिनचा थर देत असत, जेणेकरून पोलादाला ओल लागू नये. कल्पना चांगली होती. पण थराला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी ओल त्याखाली शिरते, तिथून बाहेर पडत नाही, आणि गंज अशा ठिकाणी वाढतो जिथे तपासणाऱ्याचा डोळा पोहोचत नाही. शिवाय सुटलेले पापुद्रे वॉल्व्हच्या तोंडाशी अडकू शकतात. गंज बंद टाकीतल्या हवेतला प्राणवायूही खातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वर्षानुवर्षे भरून ठेवलेल्या टाकीतली हवा श्वासाला घेऊ नये, ते याचसाठी.

वॉल्व्हबद्दल आधीच सांगायला हवे होते : तो खोलण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी झाली आहे याची खात्री करावी, आणि सुटत नसेल तर हातोडा घेऊ नये. माझ्या एका टाकीचा वॉल्व्ह तीन दिवस गंज सोडवणाऱ्या तेलात भिजल्यावर निघाला.

रे रोडच्या एका गाळ्यातील मिस्त्री म्हणाले, “साहेब, अर्धा तास भट्टीत ठेवतो, सगळं जळून राख होईल.” त्यांचा हेतू चांगला होता. मात्र हे पोलाद ठरावीक उष्णतेने पाणी देऊन तयार केलेले असते. भट्टीत घातले की त्याची ताकद जाते आणि टाकी दिसायला जशीच्या तशी राहून आतून निकामी होते. दुसऱ्याने ॲसिडचा हौद सुचवला. तोही नको, कारण ॲसिडमुळे सुटणारा हायड्रोजन कणखर पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो.

शेवटी मी रंग काढण्याचे रिमूव्हर आणि घासणी दगड हा मार्ग धरला. मिळालेल्या रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड होते. ते ४० अंशांच्या आसपास उकळते, आणि मे महिन्यात गच्चीवर उन्हात तापलेल्या टाकीला तेवढे तापमान गाठायला वेळ लागत नाही. म्हणून टाकी सावलीत ठेवावी आणि तोंड घट्ट बंद करू नये. मी पहिल्या दिवशी रबरी बूच ठोकले होते, ते दुपारी उडून शेजारच्या पाण्याच्या टाकीवर आदळले. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते व गुंगी आणते, त्यामुळे हे काम खोलीत करणे म्हणजे जिवाशी खेळ. थर मऊ पडून फुगला की तो धुऊन काढायचा, आणि मग टाकी अर्धी होईल इतके सिरॅमिकचे घासणी खडे व साबणाचे पाणी घालून ती फिरत्या रोलरांवर आडवी फिरवायची. नुसते खडे घालून फिरवण्याचा प्रयोग मी आधी केला होता; चिवट थरावर ते दोन दिवस नुसते घसरत राहिले. रिमूव्हरनंतर एका टाकीला अकरा तास लागले, दुसरीला पंधरा. खांद्याच्या वळणात एक चिवट पट्टा राहिला होता, त्यासाठी टाकी तिरपी करून फिरवली. आतले पोलाद राखाडी, स्वच्छ आणि जवळजवळ खड्ड्यांविना निघाले, तेव्हा मला झालेला अभिमान मी लपवणार नाही.

लगेच गरम पाण्याने धुऊन, उलटी धरून, गरम हवेच्या झोताने सुकवली. इथे हयगय चालत नाही, कारण उघड्या पोलादावर मुंबईच्या हवेत काही तासांत नारिंगी झाक येते.

आता केंद्राकडे वळतो. तिथे टाकीची मूळ परवानगीपत्रे मागतात. नागपूरच्या मुख्य विस्फोटक नियंत्रकांच्या कार्यालयाचे जुने पत्र वडिलांच्या फायलीत निघाले. ते नसते तर गोष्ट तिथेच संपली असती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी टाक्या घेऊन गेलो. स्वीकारणाऱ्या बाईंनी सांगितले की टाक्या वॉल्व्ह काढूनच घेतल्या जातात. मी तोंडांना रबरी बुचे लावली होती व आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या होत्या. त्यांनी बुचे आणि पुड्या काढून माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, “सुटे सामान आम्ही ठेवून घेत नाही, हरवलं तर जबाबदारी कोणाची?”

दोन दिवसांत या, असे सांगितले होते. तिसऱ्या दिवशी कळले की पाण्याच्या दाबाच्या यंत्राचा दाबमापक प्रमाणीकरणासाठी बाहेर गेला आहे. मग पाऊस लागला. मी दर दोन दिवसांनी फोन करीत असे, आणि दर वेळी ‘उद्या येईल’ हे एकच उत्तर मिळे. एकदा रुळांवर पाणी साचून लोकल बंद असतानाही मी बसने तिथवर गेलो, तर माझ्या टाक्या शेडच्या कडेला उघड्या तोंडाने उभ्या होत्या आणि पन्हळीचे पाणी त्यांच्यापासून हातभर अंतरावर पडत होते. त्या आत घ्या अशी विनंती केली, तर नोंद झालेले सामान तपासनिसांच्या परवानगीवाचून हलवता येत नाही, आणि तपासनीस रजेवर होते.

अठराव्या दिवशी तो कागद मिळाला. मी म्हणालो, “हा गंज तुमच्या आवारात धरला आहे.” बाईंनी फॉर्म माझ्याकडे वळवून शांतपणे सांगितले, “इथे गंज आहे की नाही, एवढंच विचारलंय. कुठे धरला, असा रकाना नाही.” हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. वास्तविक पृष्ठभागावरची नारिंगी झाक आणि पोलादात खड्डे पाडणारा गंज या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टाकी नाकारण्यासारखे काही असेल तर ते दुसऱ्या प्रकारात असते. पण हा फरक सांगायलाही रकाना नव्हता. वर फेरतपासणीचे शुल्क पुन्हा भरावे लागेल असे कळले.

टाक्या परत आणून मी कोरडे खडे घालून तीन तास फिरवल्या, गरम हवेने झटकल्या आणि बुचे लावली. दुसऱ्या खेपेला मात्र मी टाक्यांना हात लावू दिला नाही. तपासनीस स्वतः समोर येईपर्यंत बुचे निघणार नाहीत, असे सांगून मी साडेनऊपासून बाकावर बसून राहिलो. चार वाजता ते आले. दिवा आणि आरसा आत घालून त्यांनी दोन्ही टाक्या मिळून सात मिनिटांत पाहिल्या आणि म्हणाले, “आतून इतकी चांगली जुनी टाकी मी क्वचितच पाहिली आहे.” त्यांच्यावर रागवावे की त्यांचे आभार मानावेत, हे मला सुचेना. तुमच्यावर अशी वेळ आली तर नजरेची तपासणी डोळ्यांदेखत करून घ्या आणि पोचपावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. जमल्यास मे संपण्यापूर्वी जा.

दाबाची चाचणी त्याच दिवशी झाली. या टाक्यांसाठी ती कामाच्या दाबाच्या पाच तृतीयांश, म्हणजे ३७५० पौंडांवर होते. टाकी पाण्याने भरलेल्या पात्रात ठेवून ती किती फुगते आणि दाब सोडल्यावर किती फुगलेली राहते, हे मोजतात. कायमचा फुगवटा एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर टाकी बाद. माझ्या एकीचा ३ टक्के आणि दुसरीचा ४ टक्के आला. आत पुन्हा पाणी गेलेले असते, म्हणून सुकवण्याचे यंत्र मी सोबतच नेले होते आणि ते केंद्राच्या दारातल्या प्लगवर चालवले, त्यालाही आधी हरकत झाली.

खांद्यावर नवी तारीख ठोकली गेली. टाक्या आता थोडा दाब ठेवूनच उभ्या करतो, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. केंद्राच्या फायलीत माझे दोन्ही कागद एकापाठोपाठ लावलेले आहेत. पहिल्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारावा, ही माझी लेखी विनंती अद्याप विचाराधीन आहे.